स्पर्धेसाठी पिस्तुलाची काडतुसं भरताना: बुलेट किती ग्रेनची, पावडर कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ९ मिमी पिस्तूल घेऊन आयपीएससी (वेगवान पिस्तूल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रॉडक्शनसारख्या मायनर (कमी ताकदीच्या काडतुसांच्या) डिव्हिजनमध्ये खेळायचं आहे आणि काडतुसं स्वतः भरायची आहेत. मग ११५, १२४ आणि १४७ ग्रेनपैकी (ग्रेन हे वजनाचं माप) बुलेट, म्हणजे काडतुसाच्या टोकाची गोळी, कोणती घ्यावी, तिच्यामागे पावडर कोणती? आणि पुढे .४० कॅलिबरमध्ये मेजरला, म्हणजे जास्त ताकदीच्या गटात, जायचं झालं तर १८० घ्यावी की २००?

आधी उत्तर, मग कारणं. पहिल्यांदाच भरत असाल तर १२४ किंवा १२५ ग्रेनची बुलेट आणि मध्यम-जलद (जळण्याच्या वेगाने) पावडर. काडतूस बिनतक्रार चालायला लागलं, क्रोनोग्राफवर (बुलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) आकडे स्थिर आले, की मग १४७ कडे वळा. ११५ फक्त तेवढीच मिळत असेल तर. .४० मेजरसाठी १८० ने सुरुवात करा, २०० नंतर. कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडून पिस्तूल खाली दाबणारा बॅरलच्या तोंडावरचा भाग) लावलेल्या ओपन डिव्हिजनच्या पिस्तुलाचं गणित याच्या बरोबर उलटं आहे, ते खाली वेगळं सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या उत्तरात कोणत्याही पावडरचा ग्रेनमधला चार्ज, म्हणजे एका काडतुसात घालायचं वजन, मुद्दाम दिलेला नाही. चार्ज घ्यायचा तो पावडर बनवणाऱ्याच्या किंवा बुलेट बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातून, त्यातही तुमच्याच बुलेटच्या वजनाचा आणि प्रकाराचा. दुसऱ्याने सांगितलेला चार्ज त्याच्या बॅरलमध्ये, त्याच्या सीटिंगवर (बुलेट किती आत बसवली त्यावर), त्याच्या पुंगळ्यांत चालला, एवढंच त्यावरून कळतं. आणि तुमच्याकडे काडतुसं भरायला कायद्याची कोणती परवानगी लागते, ते प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) विकत घेण्याआधी बघा.

पॉवर फॅक्टरपासून सुरुवात

बुलेटचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले १०००. हा पॉवर फॅक्टर. आयपीएससीत मायनरची किमान मर्यादा १२५, स्टँडर्ड डिव्हिजनमध्ये मेजर १७० आणि ओपनमध्ये मेजर १६०. यूएसपीएसएत (आयपीएससीच्या अमेरिकी संघटनेत) मायनर १२५ आणि मेजर १६५. प्रॉडक्शनमध्ये सगळ्यांचे गुण मायनरनेच मोजले जातात, त्यामुळे तिथे जास्त ताकदीचं काडतूस भरून काहीच पदरात पडत नाही. जिथे दोन्ही चालतं तिथे फरक असा (ए, सी, डी हे निशाणाचे मधून बाहेर जाणारे भाग): ए झोनला दोघांना ५, सी झोनला मेजरला ४ आणि मायनरला ३, डी झोनला मेजरला २ आणि मायनरला १.

म्हणजे मायनरच्या खेळाडूचं काम एकच, १२५ च्या वर राहायचं, पण उगाच फार वर नाही. १३० धरून कोणत्या बुलेटला किती वेग लागतो ते बघा. ११५ ग्रेनला सुमारे ११३०, १२४ ला १०४८, १३५ ला ९६३, १४७ ला ८८४ फूट प्रति सेकंद. .४० मध्ये १७३ धरला तर १६५ ग्रेनला १०४८, १८० ला ९६१, २०० ला ८६५. .४५ मध्ये आयपीएससी मेजरसाठी १७४ धरला तर २०० ग्रेनला ८७०, २३० ला ७५७.

१२५ ची मर्यादा असताना १३० का, हे कळायला सामन्यातली तपासणी कशी होते ते माहीत हवं. आयपीएससीत तुमची आठ काडतुसं नमुना म्हणून उचलतात. एक फोडून त्यातली बुलेट वजन करतात आणि तीन झाडून सरासरी वेग काढतात. मर्यादा गाठली नाही तर आणखी तीन झाडतात आणि सहापैकी सर्वांत वेगवान तीन धरतात. तरीही नापास झालात तर शेवटच्या काडतुसाचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं: त्यातली बुलेट वजन करून बघा किंवा ते झाडून सातातली सर्वांत वेगवान तीन धरा. मेजर घोषित करून १७० च्या खाली आलात तर गुण मायनरने मोजतात. मायनरच्याही खाली गेलात तर खेळता येतं, पण गुण शून्य.

आता हिशेब. १४७ ग्रेनची बुलेट आहे, वेगाचं प्रमाण विचलन १२ फूट. तीन फैरींच्या सरासरीचं विचलन १२ भागिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे ७ च्या आसपास. त्याच्या दुप्पट १४ फूट. १४ गुणिले १४७ म्हणजे पॉवर फॅक्टरमध्ये जेमतेम २. म्हणजे निव्वळ नशिबाच्या खेळासाठी १२७ लागतो. त्यावर सामन्याचा क्रोनोग्राफ तुमच्यापेक्षा थोडा वेगळा दाखवणार, सकाळी गारवा असणार आणि बुलेटचं खरं वजन डब्यावरच्या आकड्याइतकं नसणार. १४७ लिहिलेली बुलेट १४५.८ भरली तर ८८४ फुटांना पॉवर फॅक्टर १३० ऐवजी १२८.९ येतो. म्हणून १३० ते १३२. १२६ वर काडतूस भरून 'किती मऊ लागतंय' म्हणणारे क्रोनोग्राफच्या टेबलापाशी गप्प होतात.

वीस बुलेट वजन करून सरासरी काढा आणि तीच गणितात वापरा. डब्यावरचा आकडा फक्त तक्त्यातलं पान शोधण्यापुरता.

जड बुलेट 'मऊ' का लागते

पॉवर फॅक्टर म्हणजे खरं तर संवेग. तो सारखा असेल तर बुलेटकडून हाताला मिळणारा धक्काही सारखाच. १३० च्या ११५ मध्ये आणि १३० च्या १४७ मध्ये या बाबतीत काही फरक नाही. तरी १४७ मऊ लागते, आणि ते मनाचे खेळ नाहीत. धक्क्यात दुसरा वाटा पावडरचा असतो. जळालेली पावडर वायू होऊन बॅरलच्या तोंडातून बाहेर पडते आणि तिचा वेग बुलेटच्या कितीतरी पट असतो. पिस्तुलासाठी ढोबळमानाने ४००० फूट प्रति सेकंद धरतात.

समजा एका काडतुसात ३.५ ग्रेन पावडर आहे आणि दुसऱ्यात ६. हे आकडे फक्त हिशेबासाठी, कुठल्याही पावडरचे चार्ज म्हणून घेऊ नका. दोन्हींचा पॉवर फॅक्टर १३०, म्हणजे बुलेटचा वाटा १,३०,०००. पावडरचा वाटा पहिल्यात १४,००० आणि दुसऱ्यात २४,०००. एकूण १,४४,००० विरुद्ध १,५४,०००. संवेगात सुमारे ७ टक्के फरक आणि पिस्तुलाच्या मागे येण्याच्या ऊर्जेत, ती वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, १४ टक्के. मायनरमध्ये हे हाताला स्पष्ट कळतं. जड बुलेटला कमी वेग लागतो, म्हणून पावडर कमी लागते. जलद पावडर थोडक्यात काम करते, म्हणून ती आणखी कमी लागते. सगळं रहस्य एवढंच.

बुलेट बॅरलमध्ये जास्त वेळ राहते म्हणून धक्का 'पसरतो', असंही सांगितलं जातं. तो फरक एका मिलिसेकंदाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाचा आहे, हाताला तो कळत नाही. पण निशाण्यावर त्याचा परिणाम दिसतो. पिस्तूल वर उचललं जात असतानाच बुलेट बाहेर पडते, त्यामुळे जवळच्या अंतरावर जड आणि संथ बुलेट हलक्या बुलेटपेक्षा वर लागते. ११५ वरून १४७ वर गेलात की साइट्स किंवा डॉट (ठिपक्याची साइट) पुन्हा झिरो करावाच लागतो, म्हणजे निशाण्याशी जुळवावा लागतो. स्थिर साइट्स असलेल्या पिस्तुलाला हे जाचक ठरू शकतं.

पडणाऱ्या लोखंडी निशाणाच्या, म्हणजे पॉपरच्या, बाबतीत जड बुलेट जोरात पाडते, हाही समज आहे. पॉवर फॅक्टर सारखा असताना पॉपरला मिळणारा संवेगही जवळपास सारखाच असतो. तो पडला नाही तर बहुधा तुम्ही खाली मारलेलं असतं.

मऊपणालाही किंमत आहे. हलक्या चार्जला जड स्प्रिंग लावली तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर फेकली जाण्याऐवजी इजेक्शन पोर्टमध्ये उभी अडकते. स्प्रिंग फार हलकी केली तर फ्रंट साइट सावकाश खाली येते आणि स्लाइड फ्रेमवर आपटते. म्हणून काडतूस आणि रिकॉइल स्प्रिंग एकत्रच ठरवा. पुंगळ्या दीड-दोन मीटरवर, एकाच बाजूला, एका ढिगात पडत असतील तर जोडी जमली समजा. पायापाशी पडत असतील तर स्प्रिंग एक-दोन पाउंडांनी हलकी करा किंवा तक्त्याच्या आत राहून चार्ज वाढवा.

माझं मत: सर्वांत मऊ काडतुसाच्या मागे लागू नका. फ्रंट साइट उचलली जाते आणि दर वेळी त्याच वेगाने, त्याच जागी परत येते, ते काडतूस चांगलं. काहींच्या हाताला १४७ चा संथ हेलकावा उशीर करतो, त्यांना १२४ चा झटपट झटका परवडतो. टायमर लावून ७ मीटरवर दोन-दोन फैरींचे दहा संच झाडा. दुसऱ्या फैरीची जागा आणि मधला वेळ बघा, हाताला काय वाटतं ते नंतर. बिल ड्रिलसारख्या सहा फैरींच्या संचात फरक आणखी उघडा पडतो.

बुलेटचा प्रकार: वजनाइतकाच महत्त्वाचा

वजन ठरलं तरी जॅकेटेड (तांब्याच्या कवचाची), प्लेटेड (तांब्याच्या पातळ थराची), कोटेड (लेप दिलेली) की साधं ओतीव शिसं, हा प्रश्न उरतोच, आणि पावडरची निवड बरीचशी यावर अवलंबून असते.

कोटेड शिशाची बुलेट मायनर सामन्यांसाठी सर्वांत सोयीची. बॅरलमध्ये घर्षण कमी, म्हणून त्याच चार्जला जॅकेटेडपेक्षा वेग थोडा जास्त मिळतो. तिचा व्यास ९ मिमीमध्ये बहुधा .३५६ इंच असतो, जॅकेटेडचा .३५५. हा हजारावा भाग बसवण्यासाठी पुंगळीचं तोंड किंचित जास्त फाकवावं लागतं. फाकवलं नाही तर सीटिंगच्या वेळी पुंगळीची कड लेप खरवडते आणि बॅरलमध्ये शिसं साचतं. तपासायला एक काडतूस भरा, हातोडीसारख्या पुलरने बुलेट काढा आणि तिचा लेप बघा. अंगठी उमटलेली चालते, पण खाली शिशाचा पांढुरका रंग दिसता कामा नये.

प्लेटेड बुलेटवर तांब्याचा पातळ थर असतो. तिला क्रिम्प (पुंगळीचं तोंड आत दाबणं) जास्त झाला तर थर फाटतो आणि २५ मीटरवर गट, म्हणजे भोकांचा घोळका, विनाकारण पसरतो. पातळ थराच्या बुलेटला बनवणारे १२०० फुटांच्या आसपास वेगाची मर्यादा घालतात. मायनरला ती आड येत नाही, ओपन मेजरला येते.

जॅकेटेड होलो पॉइंटचा तळ तांब्याने झाकलेला असतो आणि आकार सर्वांत नेमका असतो. गट लहान हवा असेल आणि लांबचे लोखंडी निशाण जास्त असतील तर तिचे पैसे वसूल होतात. साध्या फुल मेटल जॅकेटमध्ये तळाला शिसं उघडं असतं. खोलीबंद रेंजवर खेळणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

साधं शिसं मी अॅक्शन सामन्यांसाठी सुचवत नाही. ग्लॉकसारख्या पॉलिगोनल (बहुकोनी) रायफलिंगच्या, म्हणजे बुलेटला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळाच्या, बॅरलमध्ये तर बनवणारेच शिशाला नको म्हणतात.

पावडर

जलद पावडरींच्या टोकाला व्हिटावुओरी एन३१०, अलायंट बुल्सआय, हॉजडन टाइटग्रुप. त्यांच्या थोडं मागे एन३२०, विंचेस्टर २३१ (हॉजडन एचपी-३८ म्हणजे हीच पावडर, डबा वेगळा), अलायंट स्पोर्ट पिस्टल. मग युनिक, एन३४०. त्यानंतर संथ बाजूला पॉवर पिस्टल, सिल्हूट, ऑटोकॉम्प, एचएस-६, अॅक्युरेट नंबर ७. क्रमवारी तक्त्यागणिक एक-दोन जागांनी बदलते, तिच्यावरून चार्जचा अंदाज बांधायचा नसतो.

बिनकॉम्पेन्सेटरच्या मायनरसाठी मधला पट्टा, म्हणजे एन३२०, २३१, स्पोर्ट पिस्टल. एन३२० सिंगल-बेस आहे, म्हणजे तिच्यात नायट्रोग्लिसरीन नाही. कोटेड बुलेटमागे ती स्वच्छ जळते आणि धूर कमी करते. टाइटग्रुपमध्ये नायट्रोग्लिसरीन भरपूर आणि ज्योत गरम. चार्ज फार थोडा लागतो, पावडर पुंगळीत पुढे आहे की मागे याची तिला फारशी पर्वा नसते, वेग स्थिर येतो. हे तिचे गुण. पण कोटेड बुलेटचा तळ भाजून ती धूर करते, लांब स्टेजमध्ये पिस्तूल लवकर तापवते, आणि तिचा चार्ज इतका लहान असतो की पुंगळीत दोनदा पडला तरी पटकन दिसत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण पिस्तूल फुटण्याच्या घटना बहुतेक इथूनच येतात. ९ मिमीची पुंगळी लहान आहे, पण दाट पावडरचा दुप्पट चार्ज तिच्यात मावतो आणि वर बुलेटही बसते. .३८ स्पेशल आणि .४५ च्या मोठ्या पुंगळ्यांत तर तो तळाशी हरवून जातो. नवख्याने अशी पावडर घ्यावी की एक चार्ज पुंगळी निम्म्याहून जास्त भरेल आणि दुसरा पडला तर सांडेल. प्रोग्रेसिव्ह (सगळे टप्पे एकाच वेळी करणाऱ्या) प्रेसवर बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकवायचं. त्यासाठी दिवा असा लावा की प्रकाश सरळ पुंगळीच्या तळापर्यंत जाईल. प्रेस मध्येच अडली, हँडल अर्ध्यावरून परत गेलं, कुणी बोलायला आलं, तर शेल प्लेटवरच्या (पुंगळ्या धरणाऱ्या तबकडीवरच्या) सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पुन्हा सुरुवात करा. दुप्पट चार्ज आणि बिनचार्ज पुंगळी, दोन्ही अशाच वेळी तयार होतात.

बिनचार्ज पुंगळीत प्रायमर (पावडर पेटवणारी तळाची टोपी) एकटा बुलेटला बॅरलमध्ये ढकलून तिथेच अडकवतो. आवाज 'पॉप' असा हलका येतो आणि धक्का जवळपास नसतो. तिथेच थांबायचं. सामन्यात अधिकारी थांबवतो, सरावात थांबवायला कुणी नसतं. मागून दुसरी फैर गेली की बॅरल फुगतं किंवा फुटतं. मर्यादेच्या फार खाली भरलेल्या जॅकेटेड बुलेटही अशाच अडकतात, कारण त्यांचं घर्षण शिशापेक्षा जास्त. तक्त्यातला 'सुरुवातीचा चार्ज' ही खालची मर्यादाही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पावडर मेझरमधून (प्रत्येक पुंगळीत मोजून पावडर सोडणाऱ्या साधनातून) कशी पडते हेही बघा. बारीक गोल दाण्यांची पावडर ०.१ ग्रेनच्या आत पडते, मोठ्या चकत्यांची युनिकसारखी कधी अडते, कधी जास्त पडते. ९ मिमीच्या लहान चार्जवर ०.१ ग्रेन म्हणजे साधारण १५ ते २५ फुटांचा फरक. १४७ ग्रेनला २० फूट म्हणजे पॉवर फॅक्टरमध्ये जवळजवळ ३. मेझर बसवल्यावर पहिले दहा चार्ज परत डब्यात टाका, मग दहा चार्ज एकत्र वजन करून दहाने भागा, आणि दर पन्नास काडतुसांनंतर एक तपासा. काट्याला तपासवजन असू द्या. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या झोताने आणि जवळ ठेवलेल्या मोबाइलने भरकटतो.

सीटिंग आणि क्रिम्प

९ मिमीच्या काडतुसाची जास्तीत जास्त एकूण लांबी २९.६९ मिमी. ती मॅगझिनची मर्यादा, तुमच्या बॅरलची नाही. बॅरलमधली रायफलिंग कुठे सुरू होते ते पिस्तुलागणिक बदलतं, आणि सीझेडसारख्या काही पिस्तुलांत ती लवकर सुरू होते. बॅरल काढा, बिनप्रायमर-बिनपावडर नमुना काडतूस चेंबरमध्ये सोडा. ते टक् आवाज करून बसलं पाहिजे, बोटाने मोकळं फिरलं पाहिजे आणि बॅरल उलटं केल्यावर आपोआप पडलं पाहिजे. फिरत नसेल तर बुलेट रायफलिंगला लागते आहे. लागते त्या लांबीपेक्षा सुमारे ०.४ मिमी कमी ठेवा.

पण लांबी कमी केली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. ९ मिमीची पुंगळी लहान असल्याने तो भरभर वाढतो. तक्त्यातल्या लांबीपेक्षा आत बसवावं लागत असेल तर सुरुवातीच्या चार्जपासूनच चढत या. १४७ ग्रेनची बुलेट लांब असते, तिचा तळ पुंगळीच्या जाड होत जाणाऱ्या भागात जातो, मग पुंगळीला कंबरेपाशी फुगवटा येतो आणि काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसतं. अशा वेळी पुंगळ्यांची बनावट बदलून बघा. काही बनावटींच्या पुंगळ्यांत आतून पायरी असते, त्या तर सरळ फेकून द्या: आतली जागा कमी आणि पायरीपाशी तुटण्याची भीती.

९ मिमी, .४० आणि .४५ ही तिन्ही काडतुसं पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर चेंबरमध्ये टेकतात. म्हणून टेपर क्रिम्पचं काम फक्त फाकवलेलं तोंड परत सरळ करण्याचं. ९ मिमीला तोंडापाशी .३७७ ते .३७८ इंच, .४० ला .४२१ ते .४२२, .४५ ला .४७० ते .४७१. बुलेट धरून ठेवण्याचं काम क्रिम्पचं नाही, ते पुंगळीच्या भिंतीच्या ताणाचं. क्रिम्प जास्त दाबला तर शिसं चेपतं, पुंगळी परत थोडी उघडते आणि बुलेट उलट सैल होते. खात्रीसाठी काडतुसाची लांबी मोजा, बुलेटचं टोक टेबलाच्या कडेला अंगठ्याने जोर लावून दाबा, पुन्हा मोजा. कमी झाली तर फाकवणं जास्त होतंय किंवा साइझिंग डाय (पुंगळी मापात आणणारा साचा) ढिली आहे. मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाताना बुलेट आत सरकली की दाब एकदम वाढतो. .४० मध्ये १८० ग्रेन आणि जलद पावडर असताना हा धोका सर्वांत मोठा.

दाबाची मर्यादा ९ मिमीला ३५,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), .४० लाही ३५,०००, .४५ ला २१,००० आणि .३८ स्पेशलला १७,०००. पिस्तुलात दाब वाढल्याची खूण प्रायमरवर फार उशिरा दिसते. 'प्रायमर गोल आहे, म्हणजे ठीक आहे' यावर विसंबू नका. क्रोनोग्राफ जास्त खरं बोलतो: तुमचा वेग तक्त्यातल्या कमाल चार्जच्या वेगाला पोचला, तर चार्ज कितीही कमी असो, दाबही तिथेच आलाय असं समजा.

.४०, .४५ आणि ओपन

.४० मेजरला १८० ग्रेन चालवायला सरळ. २०० मध्ये पावडर कमी आणि झटका संथ, पण बुलेट लांब, पुंगळीत जागा थोडी, दाब चढायला वेळ लागत नाही. काडतुसाची कमाल लांबी १.१३५ इंच धरली तर २०० मध्ये हात आखडता ठेवावा लागतो. '२०११' या मॉडेलच्या धर्तीच्या पिस्तुलांत मॅगझिन लांब असल्याने काडतूस त्याहून लांब भरतात आणि तिथे २०० जमून येते. ती लांबी दुसऱ्या पिस्तुलात जाणार नाही, डब्यावर तसं लिहा.

.४५ मध्ये दाब कमी, पुंगळी मोठी, त्यामुळे चुकीला जागा जास्त, फक्त दुप्पट चार्ज सोडून. २३० गोल नाकाची सहज चालते. २०० ग्रेन सेमी-वॅडकटर (सपाट टोकाची) निशाणावर स्वच्छ भोक पाडते, पण फीड रॅम्प आणि मॅगझिनच्या ओठांबद्दल नखरे करते. पुंगळ्या निवडताना लहान प्रायमरच्या .४५ पुंगळ्या वेगळ्या काढा, नाहीतर प्रायमिंगच्या टप्प्यावर प्रेस अडते, आणि जोर लावला तर प्रायमर तिथेच फुटू शकतो.

ओपनमध्ये कॉम्पेन्सेटर वायूंवर चालतो. वायू जास्त आणि तोंडाशी त्यांचा दाब जास्त, तेवढा तो पिस्तूल खाली दाबतो. म्हणून हलकी बुलेट, ११५ ते १२५ ग्रेन, आणि संथ पावडर भरपूर: ऑटोकॉम्प, सिल्हूट, एचएस-६, व्हिटावुओरी ३एन३७ आणि ३एन३८ या घराण्यातली. वर काढलेल्या हिशेबात ज्या पावडरने धक्का वाढवला, तीच इथे तो कमी करते. जलद पावडरने ओपनला मेजर करायचा प्रयत्न अजिबात करू नका, पॉवर फॅक्टर येण्याआधी दाब मर्यादा ओलांडतो. ९ मिमीच्या पुंगळीत मेजर भरणं हा तर नेहमीच्या ३५,००० च्या पलीकडचा प्रकार, बहुतेक मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ताच नसतो. त्यासाठीच बनवलेलं पिस्तूल आणि बरीच वर्षं भरण्याचा हात नसेल तर .३८ सुपर घ्या, तिची पुंगळी लांब आहे.

२५ मीटर अचूक नेमबाजीत पॉवर फॅक्टरचा प्रश्नच नाही. तिथे .३२ एस अँड डब्ल्यू लाँगमध्ये ९८ ते १०० ग्रेनची पोकळ तळाची वॅडकटर (पूर्ण सपाट टोकाची बुलेट) आणि एन३१० किंवा बुल्सआयसारख्या जलद पावडरचा हलका चार्ज, एवढंच समीकरण. तिच्यात चार्ज वाढवायचा मोह टाळा: पोकळ तळाचा घेर फाटतो, मधला भाग उडून जातो आणि शिशाची नळी बॅरलमध्ये राहते.

चाचणीचा क्रम

बुलेट, पावडर, प्रायमर आणि लांबी पक्की करा. तक्त्यातल्या सुरुवातीच्या चार्जपासून ०.१ ग्रेनच्या पायऱ्यांनी चार-पाच टप्पे, प्रत्येकी दहा काडतुसं, वेगवेगळ्या पिशव्यांत, चार्ज आणि लांबी लिहून. तक्त्याच्या कमाल आकड्यापाशी थांबा. क्रोनोग्राफवर प्रत्येक टप्प्याची सरासरी आणि विचलन नोंदवा. विचलन २० च्या वर असेल तर मेझर, क्रिम्प आणि पुंगळ्यांची सरमिसळ तपासा. ज्या टप्प्याला १३० मिळाला, त्याचे २५ मीटरवर टेकवून दहा फैरींचे दोन गट काढा. आयपीएससी निशाणाचा ए झोन १५ सेमी रुंद आहे, ६ सेमीचा गट पुरून उरतो. गट २० सेमी पसरला आणि भोकं लांबट दिसली तर बुलेट फिरकी गमावते आहे. कारण बहुधा क्रिम्पने चेपलेली किंवा बॅरलपेक्षा कमी व्यासाची बुलेट, क्वचित जड बुलेटला अपुरा ट्विस्ट (रायफलिंगचा पीळ).

मग शंभर काडतुसं वेगात, कमकुवत पकडीने, घाणेरड्या पिस्तुलातून झाडा. सामन्याला नेण्याआधी एकूण एक काडतूस चेंबर गेजमधून (चेंबरच्या मापाच्या साच्यातून) घाला. प्रायमरवर बोट फिरवा, तो पुंगळीच्या तळापेक्षा किंचित आत असला पाहिजे. उंच राहिलेला प्रायमर पहिल्या ठोक्याला आत बसतो आणि दुसऱ्याला पेटतो, तोवर स्टेज हातातून गेलेली असते. ट्रिगर हलका केलेला असेल तर प्रायमर फेडरलसारखा मऊ घ्या, आणि प्रायमर बदलला की क्रोनोग्राफ पुन्हा.

पावडरचा नवा लॉट उघडला तरी तेच. जुना चार्ज थेट न लावता एक-दोन पायऱ्या खालून दहा-दहा काडतुसं झाडून वेग जुळवा. मेझरवर एका वेळी एकच पावडर, तिचा मूळ डबा शेजारी, बाकी सगळे डबे कपाटात. मेझरमध्ये राहिलेली पावडर कोणती ते आठवत नसेल तर ती फेकून द्या. तयार काडतुसांच्या डब्यावर बुलेट, पावडरचा लॉट, चार्ज, प्रायमर, लांबी, पॉवर फॅक्टर आणि तो कोणत्या तापमानाला मोजला हे लिहा. उन्हात उभ्या गाडीत हे डबे ठेवू नका: बऱ्याच पावडरी तापल्यावर जास्त दाब देतात, आणि त्या काडतुसांवर घेतलेले क्रोनोग्राफचे आकडे तर कुठल्याच कामाचे नसतात.